कॅलेंडर बनवण्याआधी: कामगारांना नेमकं काय शिकवायचं, हे कसं ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी तुमची कंपनी, तिथे एचआर तुम्ही बघता, नव्वदेक कायम कामगार आणि साठेक कंत्राटी. मोल्डिंग आणि मशिनिंग असे दोन विभाग. ऑडिटमध्ये ‘प्रशिक्षणाची गरज कशी ठरवली याचा पुरावा नाही’ म्हणून नॉन-कन्फॉर्मन्स, म्हणजे निकष पाळला नसल्याचा शेरा आला. तुम्ही विभागप्रमुखांना फॉर्म पाठवले, तर जवळजवळ सगळ्यांनी ‘कम्युनिकेशन, टाइम मॅनेजमेंट, एक्सेल’ लिहून परत केले. मालक म्हणतात, वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर बनवा आणि ऑडिटरला दाखवा. तुम्हाला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं ते कळत नाही. शिवाय उद्दिष्टं कशी लिहायची आणि पैसे किती लागतील, हेही तुम्ही विचारलंय.

तुम्हाला पटत नाही, हे योग्यच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी अनेक वर्षं कारखान्यांसाठी हेच काम करतो आहे आणि माझं ठाम मत असं आहे की गरज शोधायची सुरुवात ‘कोणतं ट्रेनिंग हवं?’ या प्रश्नानं करूच नये. ज्याला हा प्रश्न विचाराल, तो ऐकीव विषयांची नावं सांगणार. ‘काम कुठे बिघडतंय, आणि ते तिथे का बिघडतंय?’ असं विचारून सुरुवात करा. त्यातल्या काही कारणांवर प्रशिक्षण हा उपाय असेल, बऱ्याच कारणांवर नसेल. ही निवड म्हणजेच गरजेचं मूल्यमापन. उरलेलं सगळं कागदकाम आहे.

आधी ऑडिटचा मुद्दा, कारण त्याची भीती तुमच्या मनात जास्त आहे. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं कलम ७.२ प्रशिक्षणाचे तास मागत नाही, कॅलेंडरही मागत नाही. कामासाठी कोणती क्षमता लागते ते ठरवा, माणसाकडे ती आहे याची खात्री करा, नसेल तर काहीतरी करा, जे केलं त्याचा उपयोग झाला का ते तपासा आणि नोंद ठेवा, एवढंच ते मागतं. ‘काहीतरी करा’ यात प्रशिक्षण येतं, तसंच अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवणं, काम बदलून देणं, जाणकार माणूस बाहेरून घेणं हेही येतं. तुम्ही वाहन उद्योगाला माल देता म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानकसुद्धा लागू असेल. त्यात ७.२.१ खाली प्रशिक्षणाच्या गरजा ओळखण्याची लेखी कार्यपद्धती लागते आणि ७.२.२ मध्ये प्रत्यक्ष कामावर दिलेल्या प्रशिक्षणाचा वेगळा उल्लेख आहे. कंत्राटी आणि एजन्सीची माणसंही त्यात येतात. म्हणजे कार्यपद्धती लिहावी लागेलच. पण आधी ती करून बघा आणि मग जशी केली तशी लिहा. उलट क्रमानं लिहिलेली कार्यपद्धती शॉप फ्लोअरवर कोणी पाळत नाही.

विल्यम मॅकगेही आणि पॉल थेयर या प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९६१मध्ये गरज तीन पातळ्यांवर बघायला सांगितली: संस्था, काम आणि माणूस. आजही याहून सोपी मांडणी मला सापडलेली नाही. संस्थेच्या पातळीवर मालकांना आणि प्लँट हेडला एकच विचारायचं: येत्या वर्षात काय बदलणार आहे आणि कशामुळे पैसा जातोय? नवं मशीन येणार आहे का, नवा ग्राहक, नवा पार्ट, कोणी जुना माणूस निवृत्त होतोय का? या गप्पा अर्ध्या तासात होतात. खरा वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर द्यायचा.

त्यासाठी तुमच्याकडे आधीच पडून असलेली रजिस्टरं काढा. रिजेक्शन आणि रिवर्कच्या नोंदी, ग्राहकांच्या तक्रारी, ब्रेकडाउन लॉग, अपघातांचं आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचं रजिस्टर, मोल्ड चेंजचे, म्हणजे मशीनवरचा साचा बदलण्याचे वेळ. मागच्या सहा महिन्यांचं पुरे. ते मशीननुसार, पार्टनुसार आणि शिफ्टनुसार वेगळं करा. दोष एकाच शिफ्टमध्ये जास्त असेल, तर माणूस किंवा सुपरवायझर यांच्याकडे बघावं लागेल. सगळ्या शिफ्टमध्ये सारखाच असेल, तर माणसांना शिकवून काही होणार नाही; तिथे टूल, माल किंवा प्रोसेस बघा. एवढ्या एका वर्गीकरणानं निम्म्या गोष्टींचा निकाल लागतो. एचआरचा माणूस रिजेक्शनचे आकडे घेऊन बसला की क्वालिटीवाले सुरुवातीला जरा भुवया उंचावतात, पण दोन बैठकांनंतर तेच आपणहून आकडे आणून देतात.

मग उठून बघायला जा. शिफ्ट बदलताना उभं राहा, आणि एकदा तरी रात्रपाळीला जा. महापेतल्या एका कंपनीचं उदाहरण देतो. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक कव्हरं बनायची. पावसाळ्यात पीसवर चंदेरी रेघा येऊन रिजेक्शन वाढलं. व्यवस्थापनानं मागणी केली, सगळ्या ऑपरेटरांसाठी दोन दिवसांचं ‘क्वालिटी अवेअरनेस’ घ्या. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषतं, म्हणून ते १२० अंशांवर तीन-चार तास सुकवावं लागतं. ओल राहिली की मोल्डमध्ये जाताना तिची वाफ होते आणि पीसवर रेघा उमटतात. मशीन तासाला सुमारे २० किलो माल घ्यायचं. चार तास सुकवायचं तर ८० किलोचा हॉपर ड्रायर (माल सुकवून मशीनला देणारी टाकी) हवा, होता ५० किलोचा. म्हणजे सगळं बरोबर केलं तरी माल अडीच तासच सुकणार. त्यात रात्रीचा हेल्पर पहाटे हॉपर जवळजवळ रिकामा होऊ द्यायचा आणि मग एकदम दोन गोणी टाकायचा. पहिल्या पाळीला तासभर सुकलेला माल मिळायचा. हा हेल्पर कंत्राटी होता आणि माल सुकवायचा का असतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरला सगळं माहीत होतं, पण मशीन थांबवायची मुभा नव्हती.

आता यातली प्रशिक्षणाची गरज कोणती? मोठा हॉपर घेणं हा खरेदीचा निर्णय. माल कधी भरला ते ड्रायरशेजारच्या फळ्यावर लिहिणं ही पद्धत. रेघा दिसल्या तर ऑपरेटरनं मशीन थांबवावं, हा अधिकार देण्याचा प्रश्न. उरलं एवढंच की हेल्परांना कंट्रोलरवरचं तापमान वाचता यावं, थोडाथोडा माल नियमित भरता यावा आणि रेघ ओळखता यावी. ते ड्रायरसमोर उभं राहून अर्ध्या तासात शिकवून झालं, हिंदीत. दोन दिवसांचा वर्ग रद्द झाला आणि त्याचे पैसे हॉपरकडे गेले. ‘क्वालिटी अवेअरनेस’ घेतलं असतं तर हजेरीपत्रक भरलं असतं, फीडबॅक फॉर्म उत्तम आले असते आणि रेघा तशाच राहिल्या असत्या.

ही चाळणी लावण्यासाठी रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७०मध्ये एक प्रश्न दिला, तो मी प्रत्येक वेळी विचारतो: या माणसाच्या जिवावर बेतलं, तर तो हे काम बरोबर करू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला काम येतं आणि तरी होत नाहीये. मग कारण दुसरं आहे: साधन नाही, सूचना स्पष्ट नाही, बरोबर काम केल्यावर उलट त्रास होतो, किंवा चूक केली तरी कोणी काही म्हणत नाही. बरोबर केल्यावर त्रास होणं हे तर सर्रास दिसतं. जो ऑपरेटर प्रत्येक पीस नीट तपासतो त्याचं प्रॉडक्शन कमी भरतं आणि संध्याकाळी त्यालाच ओरडा बसतो. त्याला तपासणीचं प्रशिक्षण देऊन उपयोग काय? उत्तर ‘नाही’ आलं, तरच शिकवायचा विचार करा. तेव्हाही आधी बघा की पूर्वी येत होतं आणि सराव सुटला, की कधीच येत नव्हतं. सराव सुटला असेल तर थोडा सराव आणि मशीनवर लावलेली चेकलिस्ट पुरते.

माणसांशी बोलताना प्रश्न नीट निवडा. ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ असं थेट विचारलं की कामगार लाजतो, नाहीतर तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. त्याऐवजी विचारा: मागच्या आठवड्यात कुठे अडकलात? नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात हमखास कुठे चुकतो? हे काम इथे सगळ्यात चांगलं कोणाला जमतं, आणि तो काय वेगळं करतो? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. कामगिरीचे अभ्यासक थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८मध्ये उत्तम कामगार आणि सरासरी कामगार यांच्यातल्या फरकालाच सुधारणेला असलेला वाव मानलं. ते मला कारखान्यात रोज दिसतं. तुमच्या मोल्डिंगमध्ये एखादा सेटर, म्हणजे मशीनवर मोल्ड चढवून देणारा माणूस असेलच, जो इतरांपेक्षा कितीतरी लवकर मोल्ड बदलतो. त्याच्याशेजारी उभे राहा. तो मशीन थांबायच्या आधीच पुढचा मोल्ड क्रेनखाली आणून ठेवतो, पाण्याच्या नळ्यांना खुणा करून ठेवतो, क्लॅम्प आणि बोल्ट ट्रॉलीवर लावून ठेवतो. तोच तुमचा अभ्यासक्रम. बाहेरचा प्रशिक्षक याहून चांगला अभ्यासक्रम आणू शकणार नाही.

मशिनिंग विभागात मोजण्याच्या कौशल्याकडे आधी बघा. सगळे म्हणतात ‘मायक्रोमीटर येतं’. तीन ऑपरेटर घ्या, दहा पीस घ्या, पीसवरचे नंबर झाका आणि प्रत्येकाकडून प्रत्येक पीस दोनदा मोजून घ्या. एकाच माणसाची दोन मापं जुळत नसतील, तर आधी उपकरण आणि पीस धरायची पद्धत तपासा. प्रत्येकाची स्वतःची मापं जुळतात पण माणसामाणसांत फरक पडतो, तर तिथे शिकवण्याची गरज आहे: रॅचेट किती फिरवायचा, पीस कुठे धरायचा, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढून मोजायचं की तसंच. ही चाचणी तासाभरात होते. तुमचे क्वालिटीवाले गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातला फरक तपासणारी अशीच चाचणी करतच असतील, तर तेच आकडे मागून घ्या. नवी चाचणी घ्यायचीही गरज नाही.

एक सावधगिरी. गरज शोधण्याचं काम वार्षिक अप्रेजलच्या वेळी करू नका. मार्च-एप्रिलमध्ये पगारवाढीच्या फॉर्मवरच ‘तुमच्या प्रशिक्षणाच्या गरजा’ असा रकाना असतो. ज्या कागदावर वाढ ठरणार आहे त्यावर ‘मला हे जमत नाही’ असं कोण लिहील? सुपरवायझरही तिथे प्रामाणिकपणे लिहीत नाही, कारण आपल्या माणसाची वाढ अडकेल असं त्याला वाटतं. दोन्ही गोष्टी निदान तीन-चार महिने दूर ठेवा.

आता स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता: प्रत्येक माणसाची आडवी ओळ, प्रत्येक कामाचा उभा रकाना. तुमच्याकडे बहुधा भिंतीवर असेलच, रंगीत. त्यातल्या पातळ्या कशाच्या आधारे दिल्या, ते विचारा. बहुतेक ठिकाणी सुपरवायझरच्या अंदाजावर, आणि ऑडिटच्या आधी सगळ्यांची पातळी एकेक वर सरकते. यानं कामगाराचंच नुकसान होतं. कागदावर त्याला सगळं येतं, म्हणून त्याला कोणी काही शिकवत नाही, आणि चूक झाली की दोष मात्र त्याचा. चार पातळ्या पुरेत: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकट्यानं करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. प्रत्येक पातळी प्रत्यक्ष काम करून दाखवल्यावरच द्या. कोणी बघितलं, कधी बघितलं, त्याची सही घ्या. मॅट्रिक्समध्ये कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिसही हवेत. तुमचे साठ जण मशीनवर आहेत आणि भिंतीवर नाहीत, तर तो तक्ता अर्धवट आहे.

मॅट्रिक्स खरा झाला की आडव्या ओळीपेक्षा उभा रकाना वाचा. कोणत्या कामाला ‘एकट्यानं करतो’ असा एकच माणूस आहे? तिथे तुमचा सगळ्यात मोठा धोका आहे. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांना हा धोका दर वर्षी ठरलेल्या वेळी भेटतो. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, होळीला आणि छठपूजेला उत्तरेकडची. आठवडा, कधी पंधरवडा विभाग अर्धा रिकामा. त्या दिवसांत नवख्या हातात मशीन जातं, रिजेक्शन वाढतं, हातही दुखावतात. हे अचानक येणारं संकट नाही, तारीख आधीपासून माहीत असते. तेव्हा पहिलं उद्दिष्ट इथेच ठेवा: गणपतीच्या आधी प्रत्येक महत्त्वाच्या कामाला निदान दोन माणसं तिसऱ्या पातळीवर, आणि त्यातला एक तरी असा जो त्या सुट्टीत इथेच असेल.

उद्दिष्ट कसं लिहायचं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. फॉर्मवर ‘मोल्ड चेंजची माहिती होईल’, ‘सुरक्षेची जाणीव वाढेल’ असं लिहिलेलं असतं. माहिती झाली का, जाणीव वाढली का, हे कोण आणि कसं बघणार? चांगल्या उद्दिष्टात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगलं केलं तर पास. वर ज्यांचं नाव आलं त्या मेगर यांनीच ही मांडणी १९६०च्या दशकात रूढ केली. तुमच्यासाठी लिहायचं तर असं: ‘३१ जुलैपर्यंत बी शिफ्टमधले तिन्ही सेटर, एका हेल्परच्या मदतीनं, चेकलिस्ट जवळ ठेवून, १५० टनी मशीनवरचा मोल्ड ६५ मिनिटांत बदलतील आणि क्वालिटीनं पास केलेला पहिला पीस देतील, लागोपाठ तीन वेळा.’ लागोपाठ तीन वेळा हे महत्त्वाचं, कारण एकदा कोणालाही जमतं.

हा ६५ मिनिटांचा आकडा कुठून आला? वाटेल तो आकडा घालू नका. तुमचा उत्तम सेटर किती वेळात करतो आणि सरासरी किती लागतो, ते मोजा आणि मधला, गाठता येईल असा आकडा घ्या. तो पैशातही मांडा, कारण मालकांपुढे जाताना लागेल. समजा सरासरी १०० मिनिटं लागतात, उद्दिष्ट ६५चं, आणि दिवसाला सहा मोल्ड बदलतात. दर वेळी ३५ मिनिटं म्हणजे दिवसाला २१० मिनिटं, साडेतीन तास. मशीनचा तासाचा दर ९०० रुपये धरला तर दिवसाला ३,१५० आणि २६ दिवसांचे ८१,९०० रुपये. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच. मात्र तिथे प्रामाणिक राहा: या ३५ मिनिटांतली किती मिनिटं क्रेन मोकळी नसल्यानं जातात आणि किती सेटरच्या हातामुळे, ते वेगळं करून दाखवा. प्रशिक्षणानं वाचणार नाहीत ती मिनिटं प्रशिक्षणाच्या खात्यात धरली, तर पुढच्या वर्षी मालक तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

प्रत्येक माणसाला दहा उद्दिष्टं देऊ नका. सहा महिन्यांसाठी एक, फार तर दोन. त्यातलं एक शक्यतो त्याच्या स्वतःच्या इच्छेचं असावं. हेल्परला ऑपरेटर व्हायचं असतं, ऑपरेटरला सेटर. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या एखाद्याला ड्रॉइंग वाचता यावं असं फार वाटत असतं, पण कोणी विचारलेलं नसतं. कंपनीची गरज आणि माणसाची इच्छा जिथे एकत्र येतात तिथे शिकणं झपाट्यानं होतं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की बाकी सगळ्या तंत्रांहून मला याचा भरवसा जास्त वाटतो. आणि शिकल्यावर त्याला वरचं काम, वरचा दर मिळणार आहे का, हे आधी व्यवस्थापनाकडून स्पष्ट करून घ्या. नाहीतर तो शिकेल आणि शेजारच्या गाळ्यात जाईल.

ज्या एका गरजेबद्दल तुम्हाला एकही फॉर्म आला नसेल, पण जी तुमच्याकडे नक्की असेल, ती म्हणजे नव्या सुपरवायझरची. आपल्या भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांत सगळ्यात चांगला ऑपरेटर असतो त्याला सुपरवायझर करतात. मशीन त्याला उत्तम येतं. पण शिफ्ट हातात घेताना काय विचारायचं, दोन माणसांचं भांडण कसं मिटवायचं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याला काम कसं शिकवायचं, हे त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. तो नव्या माणसाला म्हणतो, ‘बघ मी कसं करतो’, भराभर करून दाखवतो आणि निघून जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत याच अडचणीवर टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम आखला गेला, कारण कारखान्यांत नवखी माणसं लाटेनं येत होती. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याला तयार करा आणि त्याला आधी काय येतं ते विचारा, काम टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्यातला कळीचा मुद्दा आणि त्याचं कारण सांगत दाखवा, मग त्याला करू द्या आणि करता करता बोलायला लावा, शेवटी त्याला एकटं सोडा, पण कोणाला विचारायचं ते सांगा आणि वरचेवर जाऊन बघा. जपानी कारखान्यांनी युद्धानंतर हीच पद्धत उचलली. तुमच्याकडे एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायची परवानगी मिळाली, तर ते सगळ्या सुपरवायझरांना या चार पायऱ्या पक्क्या करून देण्यावर करा. त्यांना हे आलं की बाकीचं बरंचसं प्रशिक्षण बाहेरून घ्यावं लागत नाही.

सुपरवायझर या सगळ्याचा मालक झाला नाही, तर काहीच टिकत नाही. म्हणून उद्दिष्ट ठरवताना तो, कामगार आणि तुम्ही असे तिघं बसा. सराव करायला मशीनवर वेळ तोच देणार आहे आणि पातळीवर सही तोच करणार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की उजळणी केली नाही तर शिकलेलं किती झपाट्यानं विसरतं. शनिवारी दिवसभर हॉलमध्ये बसवून शिकवलं आणि सोमवारपासून मशीन मिळालंच नाही, तर काही उरत नाही. वीस-तीस मिनिटांचे छोटे भाग, मशीनजवळ, शिफ्टच्या वेळेतच घ्या. शिफ्ट संपल्यावर थांबवू नका. दिवा, कळवा, डोंबिवलीला जाणाऱ्यांचं सगळं लक्ष ठाण्याला गाडी बदलण्याकडे असतं, आणि बायकांना घरी जाऊन पुढचं काम असतंच.

भाषेचंही बघा. तुमच्या एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, इंग्रजीत असतील. त्या मराठीत आणि हिंदीत करा, आणि शब्दांपेक्षा फोटो जास्त वापरा. चांगला पीस आणि खराब पीस शेजारी शेजारी लावलेला नमुना-फळा हा शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पीस) आणि फ्लॅश (कडेनं बाहेर आलेलं जादा प्लास्टिक) यांवरच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो. एखादी ‘गरज’ नुसत्या अशा फळ्यानं भागली, तर ती यादीतून आनंदानं कापा.

सुरक्षेचं प्रशिक्षण मात्र या चाळणीतून जात नाही. ते द्यायचंच. १९४८च्या कारखाने अधिनियमात भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीनं कलम १११अ आलं आणि आरोग्य व सुरक्षेबद्दल माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क झाला. २०२५मध्ये त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेनं घेतली. तुमच्या आजूबाजूला रासायनिक कारखाने आहेत, त्यामुळे वायुगळती झाली तर कोणत्या दिशेनं बाहेर पडायचं, हेही प्रत्येकाला चालून दाखवा. तिथेही उद्दिष्ट तसंच लिहा: ‘नवा कंत्राटी कामगार पहिल्या दिवशी, मशीनला हात लावायच्या आधी, आणीबाणीचं बटण दाबून दाखवेल आणि जमायच्या जागेपर्यंत चालत जाईल.’ लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३च्या कायद्याखालचं प्रबोधनही असंच बंधनकारक आहे. हे दोन्ही कॅलेंडरमध्ये आधी भरा.

परिणाम तपासायचा तर प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९मधल्या चार पातळ्या तुम्ही वाचल्या असतील: आवडलं का, शिकले का, कामावर वापरलं का, कंपनीला फरक पडला का. बहुतेक कंपन्या पहिल्या पातळीवर, म्हणजे फीडबॅक फॉर्मवर थांबतात. तुम्ही चौथीपासून उलटं या. मोल्ड चेंजचा वेळ घटवायचा आहे. त्यासाठी सेटरनं रोज ट्रॉली आधी लावायची आहे. त्यासाठी त्याला चेकलिस्ट वापरता यायला हवी. असं उलटं आलं की काय शिकवायचं आणि कधी काय मोजायचं ते आपोआप ठरतं. शिकल्याच्या दिवशी हातानं करून दाखवणं, महिन्यानं सुपरवायझरनं काम चालू असताना बघणं, तीन महिन्यांनी रजिस्टरमधला आकडा. एवढं पुरे.

पैशांबद्दल तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी फार लागत नाहीत. कच्चा माल देणारे आणि मशीन बनवणारे आपले तंत्रज्ञ अनेकदा विनामूल्य पाठवतात, फक्त कोणी तरी विचारायला हवं. वागळे इस्टेटमधलं सरकारी आयटीआय जवळ आहे. रबाळ्यातली ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि वागळे इस्टेटमधली ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन यांच्याकडेही चौकशी करा. शेजारच्या तीन-चार कंपन्यांनी मिळून एक प्रशिक्षक बोलावला तर खर्च वाटला जातो. बाहेरच्या प्रशिक्षकाला बोलावताना तुमचं लिहिलेलं उद्दिष्ट त्याच्या हातात द्या. ते वाचून जो तुमचं मशीन बघायला मागेल, त्याला घ्या.

वेळेचं म्हणाल, तर दीडशे माणसांच्या कारखान्यात पहिली फेरी दीड-दोन महिन्यांत होते. सगळा कारखाना एकदम घेऊ नका. मोल्डिंगमधली सगळ्यात जास्त रिजेक्शनची दोन मशीनं आणि मशिनिंगमधला एक सेल (मशीनांचा गट) घ्या, तिथे रजिस्टरपासून तीन महिन्यांनंतरच्या आकड्यापर्यंत एक फेरी पूर्ण करा आणि मग बाकीच्या विभागांत न्या. एक्सेलची मागणी आलीय ना, तीही फेकू नका. ज्यानं लिहिली त्याला विचारा की कोणता रिपोर्ट बनवायला किती वेळ जातो. खरंच कोणी रोज दोन तास हातानं बेरजा करत असेल, तर ती खरी गरज आहे आणि तिचं उद्दिष्ट लिहिणंही सोपं आहे.

ऑडिटरला उत्तर देताना मूळ कारण म्हणून ‘कॅलेंडर बनवलं नव्हतं’ असं लिहू नका. ‘कामाला लागणारी क्षमता आणि प्रत्यक्ष क्षमता यांची तुलना करण्याची पद्धत नव्हती’ असं लिहा, कारण तेच खरं आहे. सुधारणा म्हणून निवडलेल्या दोन मशीनांची आणि सेलची रिजेक्शन-फोड, सह्यांसह भरलेला मॅट्रिक्स, त्यातून निघालेल्या गरजांची यादी, कोणत्या गोष्टींवर प्रशिक्षण हा उपाय नाही म्हणून कापल्या त्यांची कारणासह नोंद, आणि पाच-सहा लिहिलेली उद्दिष्टं जोडा. कापलेल्या गरजांचा तो कागद जरूर जोडा. तुम्ही खरोखर विचार केला आहे, हे अनुभवी ऑडिटरला त्यावरून कळतं. बाकीच्या विभागांसाठी तारखा द्या, आणि त्या तारखा गणपतीच्या आठवड्यात येणार नाहीत एवढं बघा.